जिच्यावर संशय आला नाही

“मी, सुकदेव तोताराम झोपे, वय वर्षे चौऱ्याहत्तर, असे विचारतो की, जो उपचार रोग बरा करणार नाही असे उपचार करणारेच सांगतात, तो घेण्याचा आग्रह मला कशासाठी केला जात आहे?”

सोमगीर महाराजांनी मान वर केली नाही. पळसाच्या पानांना काड्या टोचून ते पत्रावळ लावीत होते.

तापीकाठच्या या गोसाव्यांच्या मठात प्रश्न विचारणाऱ्याने आधी आपले पूर्ण नाव आणि वय सांगावे, असा रिवाज होता. महाराज सुकदेवरावांना त्यांच्या तरुणपणापासून ओळखत होते. तरीही सुकदेवरावांनी रिवाज पाळला. ते कोणताही रिवाज चुकवीत नसत.

“बस,” महाराज म्हणाले.

“उभ्याने विचारतो.”

“बसवत नाही, की बसायचे नाही?”

सुकदेवरावांचा उजवा हात कमरेवर होता. तो त्यांनी काढून घेतला.

भिंतीशी प्लास्टिकची एक खुर्ची होती. महाराजांनी तिच्याकडे बोट केले.

“आपण जमिनीवर आणि मी खुर्चीवर? ते होणे नाही.”

“कोणी सांगितले?”

“मर्यादा आहे, महाराज. ती सांगावी लागत नाही.”

महाराजांनी काड्यांची जुडी काखेत धरली, पानांचा गठ्ठा उचलला आणि गुडघ्यावर हात देत सावकाश उठले. धुनीला वळसा घालून ते पलीकडच्या उंच ओट्यावर चढले. चढताना एकदा थांबले, धाप टाकली आणि मग मांडी घालून बसले.

“आता मी वर आहे. बस.”

सुकदेवराव खुर्चीत बसले. बसताना त्यांचे डोळे मिटले, ते बऱ्याच वेळाने उघडले. महाराज तेवढा वेळ त्यांच्याकडेच पाहत होते.

“आग्रह कोण करते?” त्यांनी विचारले.

“शहरातल्या रुग्णालयात तडवी म्हणून एक डॉक्टरीणबाई आहेत. वयाने माझ्या नातीएवढ्या. उद्या सकाळी बोलावले आहे.”

“काय म्हणाल्या?”

“म्हणाल्या, प्रोस्टेटचा कर्करोग कमरेच्या हाडात उतरला आहे. तो आता जाणार नाही. परंतु त्या हाडावर एकदाच किरण दिले, तर कळ कमी होईल. कदाचित. दोन-तीन आठवड्यांनी. तेही कदाचित. आरंभी एक-दोन दिवस उलट वाढेल, कदाचित. आणि काही रुग्णांना मुळीच उतार पडत नाही, हेही सांगून मोकळ्या झाल्या.”

“स्पष्ट बोलतात.”

“याला आपण स्पष्ट म्हणता? एवढ्याशा बोलण्यात तीनदा कदाचित.”

महाराजांनी एक काडी दातांनी तोडली.

“तो नदीपलीकडचा वैदू. त्याच्याकडे गेला होतास ना, पावसाळ्यात?”

“...गेलो होतो.”

“तो किती वेळा कदाचित म्हणाला?”

“एकदाही नाही.”

“काय म्हणाला?”

“मुळासकट उपटून काढतो, म्हणाला.”

“मग?”

“दिवाळीपर्यंत काढा घेतला.”

“त्याचा संशय आला होता?”

सुकदेवरावांनी उपरणे सारखे केले.

“तो विषय संपला आहे, महाराज. मी या विषयाबद्दल बोलतो आहे.”

“बोल.”

“या प्रकरणात मला काही गोष्टी जुळत नाहीत. रुग्णालयात माझ्या शेजारच्या बाकावर फैजपूरचे एक गृहस्थ होते. मी चौकशी केली. त्यांना रोज किरण देणार आहेत, सहा-सात आठवडे. मला एकदा. काही मिनिटे. यंत्र तेच, डॉक्टर त्याच. मग हा भेद का?”

“तू त्यांना विचारलेस?”

“विचारून काय होणार? मला उत्तर ठाऊक आहे. ज्याच्यासाठी वेळ घालवायचा नाही, त्याला एकदा यंत्राखाली निजवायचे आणि घरी पाठवून द्यायचे. म्हणजे घरच्यांनाही वाटते, काहीतरी केले.”

“फैजपूरच्या माणसाला काय झाले आहे?”

“घशाचा. लवकर सापडला.”

“तो बरा होणार?”

“तसे त्याला सांगितले आहे.”

“आणि तू?”

मठाबाहेर त्यांना घेऊन आलेला रिक्षावाला कोणाला तरी उन्हाबद्दल सांगत होता. त्याचा शब्द न् शब्द आत ऐकू येत होता.

“मी नाही,” सुकदेवराव म्हणाले.

हे दोन शब्द त्यांनी आजवर कोणापुढे उच्चारले नव्हते. उच्चारल्यावर त्यांनी महाराजांकडे असे पाहिले, की जणू महाराजांनीच ते त्यांच्या तोंडून काढून घेतले होते.

महाराजांनी पान वळवले.

“समज, तुलाही सात आठवडे रोज बोलावले असते. या कमरेने, त्या रस्त्यावरून. काय म्हणाला असतास?”

“...लुबाडतात, म्हणालो असतो.”

“एकदाच बोलावले तर?”

“टाकून दिले, असे म्हणतो.”

“आणि बोलावलेच नसते तर?”

सुकदेवरावांनी उपरण्याचे टोक बोटाला गुंडाळले.

“मग त्या पोरीने करायचे तरी काय, सुकदेव?”

सुकदेवरावांच्या ओठांवर किंचित हसू आले. ते त्यांनी लगेच आवरले. ते खुर्चीत पुढे सरकू लागले, अर्ध्यावर थांबले आणि होते तेथेच राहिले.

“आपण त्यांच्या बाजूने बोलता आहात,” ते म्हणाले. “याचेही कारण मला ठाऊक आहे.”

“सांग.”

“मागच्या सोमवारी माझी सून येथे आली होती. मला न सांगता. मी तिला नदीकडून येताना पाहिले. हातात नारळाची पिशवी होती.”

“आली होती.”

“म्हणजे मी आज जे ऐकतो आहे, ते आपले नाही. तिचे आहे. तिला मी उद्या रुग्णालयात जायला हवा आहे, आणि माझे मन आपल्याखेरीज कोणी वळवू शकत नाही, हे ती जाणून आहे.”

“तिने किरणांचे नावही काढले नाही.”

“मग कशासाठी आली होती?”

“तिला विचार. बाहेरच आहे ना?”

“नंतर विचारीन. आधी माझे उत्तर.”

“तुझे उत्तर तुझ्याजवळ आहे, असे दिसते. तू ते मला ऐकवायला आला आहेस. ऐकव.”

सुकदेवरावांनी घसा साफ केला. गावातल्या राममंदिरात निरूपणाला बसताना ते असाच घसा साफ करीत. शाळा त्यांनी चौथीत सोडली होती. जिनिंगमध्ये कापसाचे वजन करता करता त्यांनी व्याकरण शिकले होते, संस्कृत शिकले होते, वेदान्ताचे ग्रंथ एकट्याने, कोणाचे साहाय्य न घेता वाचले होते. पंचक्रोशीत त्यांच्या तोडीचा वाचक नव्हता, आणि हे पंचक्रोशीला ठाऊक होते.

“प्रारब्ध भोगूनच संपते,” ते म्हणाले. “जी वेदना वाट्याला आली, ती टाळून उपयोग नाही; टाळलेली पुन्हा समोर येते. म्हणून मी ठरवले आहे की, ही वेदना तप म्हणून सोसायची. आपणच एकदा सांगितले होते, भोगतो तो देह. आपण केवळ पाहणारे. मी पाहतो आहे. ज्याने पाहायचे ठरवले, त्याला यंत्राखाली निजण्याची गरज काय?”

“पाहतोस?”

“पाहतो.”

“नीट?”

“अखंड.”

“गोळ्या दिल्या असतील त्यांनी. घेतोस?”

“घेतो. एकादशीला घेत नाही. त्या जेवणानंतर घ्यायच्या आहेत, आणि एकादशीला माझा निरंकार उपवास असतो.”

“आणि देवळात पोथी वाचायला एकादशीलाच बसतोस.”

“होय. दर एकादशीला.”

“किती वेळ?”

“अध्याय संपेपर्यंत.”

महाराजांनी लावलेली पत्रावळ बाजूला ठेवली.

“मागच्या एकादशीला काय वाचलेस?”

“नववा अध्याय.”

“पूर्ण?”

“मी अध्याय अर्धवट सोडीत नाही, महाराज. हे आपल्याला सांगावे लागावे, याचे नवल वाटते.”

“रत्नप्रभा,” महाराजांनी दाराकडे तोंड करून हाक मारली. “आत ये, बाई.”

सुकदेवरावांची सून दाराशी आली. पदर डोक्यावर सारखा करून ती उंबऱ्याच्या आतच उभी राहिली.

“सोमवारी मला जे विचारलेस, ते यांना सांग.”

तिने सासऱ्यांकडे पाहिले.

“सांग. मी येथे आहे.”

“मामंजी, मी...” तिने एकदा महाराजांकडे पाहिले. “मी महाराजांना विचारायला आले होते, की आपल्याला सांगावे की नाही.”

“काय सांगावे?”

“नवव्या अध्यायातले एक पान आपण तीनदा वाचले.”

“कोणते पान?”

“ते राजा नदीच्या काठी थांबतो, ते. वाचून झाले की आपण पान पालथे करून डावीकडे ठेवता ना... तसे ठेवलेत. मग थोडे थांबलात. कमरेला हात लावलात. आणि तेच पान पुन्हा उचललेत.”

“अशक्य.”

“पहिल्यांदा आम्हाला वाटले, मुद्दाम घेतले असेल. दुसऱ्यांदा मग सगळे एकमेकांकडे बघायला लागले.”

“अशक्य आहे. ती पोथी मला तोंडपाठ आहे.”

“म्हणूनच कळले नसेल,” महाराज म्हणाले.

सुकदेवराव सुनेकडे वळले. वळताना त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले, ते लपवायला त्यांना अवसर मिळाला नाही.

“आणि त्यानंतरची पाने?”

“राहिली ती. तिसऱ्यांदा ते पान झाल्यावर आपण आरती म्हणा म्हणालात.”

“म्हणजे अध्याय...”

“अर्धा राहिला, मामंजी. त्याच्या आधीच्या एकादशीलाही असेच झाले. तेव्हा एकदाच पान परत घेतले होते. मी घरी कोणाला बोलले नाही.”

ओट्यावरून एक पान घरंगळून खाली पडले. रत्नप्रभाने पुढे होऊन ते उचलले आणि महाराजांच्या हाती दिले.

“देवळात पंचवीस-तीस माणसे असतात,” सुकदेवराव शेवटी म्हणाले. आवाज हळू होता, पण त्यात धार होती. “त्यांतल्या एकाच्याही तोंडून शब्द निघाला नाही. याचा अर्थ काय समजायचा? माझी फजिती पाहायला बसले होते?”

“नाही हो.”

“मग सांगितले का नाही?”

“कसे सांगणार? दगडूआप्पांनी मागे एकदा मध्येच विचारले, तर आपण पोथी फडक्यात बांधून उठून आलात. श्रावणभर वाचन बंद होते.”

“त्यांनी उद्धटपणे विचारले होते. ओरडून.”

“त्यांना ऐकू कमी येते, मामंजी. ते चहासुद्धा ओरडूनच मागतात.”

महाराजांनी तोंडाला उपरणे लावले. त्यांना खोकला आला असावा, किंवा नसावा.

“या वेळी ते काय म्हणाले?” सुकदेवरावांनी विचारले. “दगडूआप्पा. तिसऱ्यांदा तेच पान ऐकून.”

रत्नप्रभाने मान खाली घातली.

“म्हणाले, देवाला आज तेच पान ऐकायचे असेल. ऐका.”

“आणि बाकीचे?”

“ऐकले. राजाने नदीला हात जोडले की बायका पण जोडतात ना, ते तिन्ही वेळा जोडले.”

सुकदेवरावांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले. बोटे एकमेकांत गुंतवली.

“जा, बाई,” महाराज म्हणाले. “रिक्षावाल्याला पाणी दे. उन्हात आहे तो.”

ती गेली.

“पाहत होतो, म्हणालास,” महाराज म्हणाले.

सुकदेवराव धुनीकडे पाहू लागले.

“अखंड.”

“महाराज, पुरे.”

“मी चिडवत नाही, सुकदेव. खरेच विचारतो. त्या वेळी पोथीसमोर कोण बसले होते?”

सुकदेवरावांनी उत्तर देण्यासाठी तोंड उघडले. त्यांना या प्रश्नाची अनेक उत्तरे येत होती. वेगवेगळ्या ग्रंथांतली, वेगवेगळ्या मतांची, खंडनासहित. त्यांतले एकही त्यांनी दिले नाही.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले. “राजा नदीकाठी थांबल्याचे आठवते. पुढे कळ आली, ती आठवते. मग आरती.”

“हं.”

“ते पान तीनदा वाचल्याचे मला आठवत नाही.”

महाराज ओट्यावरून खाली वाकले. त्यांच्या हातात पत्रावळीची एक काडी होती.

“तू त्या डॉक्टरीणबाईंवर संशय घेतलास. खरे बोलल्या म्हणून. सुनेवर घेतलास. ती गप्प राहिली म्हणून. गावावर घेतलास. माझ्यावरही घेतलास, समोर बसून. त्याचे मला वाईट वाटले नाही. संशय घ्यावा माणसाने. पण एकीला मात्र तू सोडलेस.”

“कोणाला?”

महाराजांनी काडीचे टोक सुकदेवरावांच्या कमरेकडे केले. स्पर्श केला नाही.

“ती आली आणि म्हणाली, मी तप आहे. तू विचारलेही नाहीस, की कशावरून.”

सुकदेवरावांनी त्या काडीच्या टोकाकडे पाहिले. मग खाली, आपल्या कमरेकडे पाहिले. घरात परका माणूस बसलेला दिसावा आणि तो कधीपासून बसला आहे हे आठवू नये, तसे.

“तिने माझी पाने घेतली,” ते म्हणाले.

“हं.”

“आणि मी तिला आसन दिले.”

“हं.”

महाराजांनी काडी पानात टोचली. पत्रावळीचा घेर पूर्ण झाला होता. त्यांनी ती उन्हाकडे धरून पाहिली, एके ठिकाणी फट दिसली, तेथे आणखी एक काडी घातली.

सुकदेवराव खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठू लागले. पहिल्या खेपेला उठता आले नाही. महाराजांनी पाहिले, पण ते मदतीला उतरले नाहीत. दुसऱ्या खेपेला सुकदेवराव उठले. बाहेर जाण्यासाठी वळले. दारापर्यंत गेले आणि तेथून मागे फिरले.

“रोग जाणार नाही, हे खरेच आहे ना?”

“त्या तसे म्हणाल्या.”

“आपल्याला काय वाटते?”

“मला पत्रावळी लावता येतात.”

“मी मरणार, ते मरणारच. किरण घेतले तरी.”

“घेतले तरी.”

“मग उद्या मी जातो, ते कशासाठी जातो? रत्नप्रभा विचारील. गाव विचारील. दगडूआप्पा तर ओरडून विचारतील. काय सांगू?”

“नववा अध्याय राहिला आहे, असे सांग.”

सुकदेवराव थांबले. अजून त्यांचे समाधान झाले नव्हते. त्यांचे समाधान सहजी होत नसे, आणि त्याचा त्यांना अभिमान होता.

“आणि किरण घेऊनही ती गेली नाही तर? काहींची जात नाही. त्या स्वतःच म्हणाल्या आहेत. गोळ्या घेतल्या, किरण घेतले, जे जे करायचे ते केले, आणि तरीही ती उरली... तर?”

महाराज पुढच्या पत्रावळीसाठी पान निवडीत होते. किडीने खाल्लेले एक त्यांनी बाजूला टाकले. दुसरे उचलले.

“तेव्हा जी उरेल,” ते म्हणाले, “तिला तप म्हण.”

दुसऱ्या दिवशी सकाळी सुकदेवरावांनी किरण घेतले. दोन दिवस कळ वाढली. तिसऱ्या आठवड्यात ती पुष्कळ उतरली. पूर्ण गेली नाही. रोग होता तेथेच राहिला. त्यानंतर ते एकादशीला फराळ करून गोळी घेऊ लागले. राममंदिरात नववा अध्याय त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला, आणि वाचताना कोणी मध्येच काही विचारले तर ते थांबून उत्तर देऊ लागले.